कंपाउंड, पॉलिश, वॅक्स: मेग्वायर्सच्या दोन बाटल्या आणि कॉलिनाइट ८४५ यांचं परीक्षण

गाडीच्या रंगासाठीच्या या तिन्हींपैकी एकच बाटली घ्यायची असेल तर चरे घासून काढणाऱ्या कंपाउंडची घ्यावी. दोन परवडत असतील तर दुसरी वॅक्सची. मधली, पॉलिशची बाटली काळ्या, गडद निळ्या किंवा लाल गाडीवाल्यांसाठी आहे. पांढऱ्या-चंदेरी गाडीवर तिने पडलेला फरक शोधत बसावं लागतं. निकाल आधीच सांगितला, कारण दुकानात या बाटल्या शेजारी शेजारी उभ्या असतात, तिघींवर चकाकीचंच वचन छापलेलं असतं आणि घेणारा नेमकी चुकीची उचलतो. बारीक चऱ्यांनी भरलेल्या बॉनेटवर वॅक्स फासायचं आणि दोन आठवड्यांनी चरे परत दिसले की वॅक्सला नावं ठेवायची, हा प्रकार फार जुना आहे.

परीक्षणातल्या बाटल्या अशा: मेग्वायर्स अल्टिमेट कंपाउंड (४५० मिली), मेग्वायर्स अल्टिमेट पॉलिश (४७३ मिली) आणि कॉलिनाइट ८४५ इन्सुलेटर वॅक्स (४७३ मिली). मेग्वायर्स १९०१ मध्ये फर्निचरचं पॉलिश बनवत सुरू झाली, २००८ पासून ती थ्री-एमच्या मालकीची आहे. कॉलिनाइट ही त्या मानाने छोटी, जाहिरातीच्या वाटेला फारशी न जाणारी अमेरिकी कंपनी. तिची बाटली दिसायला औषधाच्या बाटलीसारखी आहे. आत काय आहे ते पुढे येईलच.

आधी रंगाबद्दल, कारण त्याशिवाय पुढचं काहीच उलगडत नाही. आजच्या बहुतेक गाड्यांवर खाली प्रायमर, त्यावर रंगाचा पातळ थर आणि सगळ्यांत वर पारदर्शक क्लिअरकोट असतो. कारखान्यातून आलेला सगळा थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो, त्यातला क्लिअरकोट ३५ ते ५० मायक्रॉनचा. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे आपण ज्याच्यावर घासणार तो थर केसाहूनही पातळ आहे. उन्हात जाळ्यासारखे दिसणारे गोल गोल चरे, ज्यांना स्वर्ल म्हणतात, ते याच क्लिअरकोटमध्ये असतात. कंपाउंड भोवतीचा क्लिअरकोट झिजवून चऱ्याच्या तळापर्यंत आणतं, म्हणून चरा नाहीसा होतो. पॉलिश तेच काम फार हलक्या हाताने करतं आणि कंपाउंडने मागे ठेवलेली धूसर छटा काढतं. वॅक्स काहीच झिजवत नाही, वर बसतं. चऱ्यावर बोटाचं नख आडवं फिरवून पाहावं. नख अडकलं तर तो या तिन्हींपैकी कशानेही पूर्ण जाणार नाही. त्याच्या कडा गोल होऊन तो कमी डोळ्यांत भरेल एवढंच. तेवढ्यावर थांबावं, कारण खोल चऱ्यामागे हट्टाने लागणारे थेट प्रायमरपर्यंत पोचतात.

क्लिअरकोटमधला अतिनील किरणांपासून वाचवणारा घटक वरच्या बाजूला जास्त उपयोगी असतो. म्हणून 'दरवर्षी कंपाउंड मारून घ्या' हा सल्ला वाईट आहे. अख्खी गाडी कंपाउंडने घासणं हे तिच्या आयुष्यात दोन-तीनदाच करायचं काम. मधल्या काळात जिथे चरा दिसेल तिथे जागेपुरतं.

बाटली उघडण्याआधीची तयारी कंटाळवाणी आहे, पण निम्मा निकाल तिथेच लागतो. दोन बादल्या: एकीत शांपूचं पाणी, दुसरीत हातमोजा खंगाळायला साधं पाणी, दोन्हींच्या तळाशी जाळी. धुणं छतापासून खाली, चाकं आधी आणि वेगळ्या मोज्याने. या एका दिवसापुरता शांपू थोडा कडक चालतो, जुनं वॅक्स निघालेलंच बरं. धुऊन झाल्यावर पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून बोटं ओल्या बॉनेटवर फिरवावीत. पिशवीतून खरखर कितीतरी स्पष्ट कळते. खरखर लागली तर आयर्न रिमूव्हर फवारावा. ब्रेकमधून उडून रंगात रुतलेले लोखंडाचे कण त्याने जांभळे होऊन ओघळतात. तो रंगावर वाळू द्यायचा नाही आणि वास उग्र असतो, म्हणून उघड्यावर, हातमोजे घालूनच. डांबराचे ठिपके डांबराच्या वेगळ्या रिमूव्हरने काढावेत. त्यानंतरही खरखर राहिली तर क्ले बार, म्हणजे रुतलेली घाण ओढून काढणारी मातीसारखी मऊ वडी.

क्लेबद्दल एक गोष्ट कोणी धड सांगत नाही. क्ले स्वतःच बारीक चरे पाडते, वंगण कितीही वापरलं तरी. म्हणून क्लेनंतर किमान पॉलिश होणार असेल तरच ती काढावी; नुसतं वॅक्स लावायचं असेल आणि गाडी काळी असेल तर क्लेला हात न लावणं शहाणपणाचं. वड्याएवढा तुकडा चपटा करून, भरपूर शांपूच्या पाण्यावर, दाब न देता सरळ रेषेत फिरवायचा, मळला की दुमडून नवी बाजू वर आणायची. जमिनीवर पडलेला तुकडा थेट कचऱ्यात. 'धुऊन घेतो' म्हणणाऱ्याच्या दारावर पुढे एक लांब चरा ठरलेला.

मग मास्किंग टेप. काळं खडबडीत प्लॅस्टिक, रबरी पट्ट्या, चिन्हांच्या कडा आणि मुख्य म्हणजे पत्र्याच्या धारदार रेषा झाकायच्या. धारेवर रंग मुळातच पातळ बसलेला असतो आणि पॅडचा सगळा दाब तिथेच एकवटतो. क्लिअरकोट फाटल्याच्या बहुतेक कहाण्या अशा धारेवरच घडतात.

आता अल्टिमेट कंपाउंड. जुन्या पद्धतीच्या कंपाउंडमधले कण घासता घासता फुटून बारीक होत जातात, म्हणून ते ठरावीक वेळ घासावंच लागतं; अर्धवट सोडलं तर जाड कणांचे ओरखडे तसेच राहतात. मेग्वायर्सच्या या बाटलीतले कण बारीक, एकसारखे आणि न फुटणारे आहेत. याचा व्यवहारातला अर्थ असा की किती कापायचं हे कणांच्या हाती उरत नाही. पॅड, दाब आणि वेळ ठरवतात. हेच कंपाउंड कापणाऱ्या मायक्रोफायबर पॅडवर घेतलं तर जोरात कापतं, मऊ फिनिशिंग फोमवर घेतलं तर जवळजवळ पॉलिशसारखं वागतं. घरी काम करणाऱ्यासाठी हा फार मोठा गुण आहे. कणांचं वय सांभाळत बसावं लागत नाही आणि एक बाटली तीन पॅडवर तीन कामं करते. धूळ कमी उडते, सुकून दगडासारखं होत नाही, पुसायला सोपं. उणीव म्हणावी तर कापण्याचा वेग: व्यावसायिकांच्या जाड कंपाउंडइतकं ते झपाट्याने कापत नाही, कडक क्लिअरकोटवर दोनदा घ्यावं लागतं. नवख्याच्या हातात ही उणीव नसून संरक्षण आहे.

हाताने चालतं का? बाटलीवर तसं लिहिलंय आणि ते खरंही आहे, मर्यादेत. दाराच्या मुठीमागचे नखांचे ओरखडे, बंपरच्या कोपऱ्यावर दुसऱ्या गाडीचा लागलेला रंग, डिकीच्या ओठावर सामान घासून झालेले चरे, उन्हाने पांढुरका पडलेला जुना रंग, ही हाताची कामं. जागा ३० सेंमी चौरसाच्या पुढे घ्यायची नाही, फोमच्या घट्ट ॲप्लिकेटरवर दोन वाटाण्यांएवढे थेंब, तीन ते चार मिनिटं, बऱ्यापैकी दाबून. नुसत्या बोटांनी दाबलं तर बोटांखालीच कापलं जातं आणि मध्ये पट्टे राहतात; ॲप्लिकेटरमागे सपाट गोल ठोकळा असलेला बरा. फिरवणं आधी उभं, मग आडवं, सरळ रेषांत. अख्ख्या बॉनेटचे स्वर्ल हाताने काढायला निघालेला माणूस दुपारपर्यंत खांदा धरून बसतो आणि बॉनेट ठिकठिकाणी वेगवेगळं चमकतं. अख्ख्या गाडीसाठी मशीन लागतंच.

मशीन डीए पॉलिशरच हवं, म्हणजे पॅड स्वतःभोवती फिरता फिरता केंद्रही हलवणारं. रोटरी नको. रोटरी एकाच अक्षावर फिरते, उष्णता झपाट्याने चढते आणि नवख्या हातून गोलाकार छाया उमटतात, ज्या ढगाळ दिवशी दिसत नाहीत आणि पहिल्याच उन्हात उठून येतात. ८ मिमी ऑर्बिटचं (म्हणजे केंद्र तेवढ्या व्यासाच्या वर्तुळात हलवणारं), ५ इंची बॅकिंग प्लेटचं (ज्या चकतीवर पॅड चिकटतं ती) आणि साडेपाच इंची पॅडचं साधं डीए घरच्या कामाला पुरतं. १५ मिमी ऑर्बिटचं मशीन सपाट पत्र्यावर वेगाने काम उरकतं, पण वळणांवर त्याचं पॅड फिरायचं थांबतं.

पॅड फिरतंय की नुसतंच थरथरतंय हे कळायला बॅकिंग प्लेटच्या कडेवर मार्करने एक जाड रेघ मारावी. काम चालू असताना ती रेघ फिरताना दिसली पाहिजे. थांबली तर दाब जास्त आहे किंवा पॅड तिरकं लागलंय. न फिरणारं डीए जवळजवळ काहीच कापत नाही, आणि 'मशीन घेऊनही फरक पडला नाही' या तक्रारीमागे निम्म्या वेळा हेच कारण निघतं.

आता प्रत्यक्ष क्रम. पत्रा सावलीत आणि हाताला गार लागला पाहिजे. नव्या पॅडवर पहिल्यांदा थोडं जास्त कंपाउंड बोटाने चोळून सगळीकडे ओलं करायचं, पुढे प्रत्येक वेळी वाटाण्याएवढे तीन-चार थेंब. एका वेळी ६० सेंमी चौरस. मशीन बंद असतानाच पॅड चार ठिकाणी टेकवून कंपाउंड पसरवायचं, मग मशीनवरच्या १-२ आकड्यांच्या वेगावर सारवून घ्यायचं, मग ४-५ वर न्यायचं. हात सेकंदाला इंच-दीड इंच, याहून जोरात नाही. हे इतकं हळू आहे की सुरुवातीला मशीन अडकल्यासारखं वाटतं. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढवत, आधी आडवे मग उभे, असे चार ते सहा फेरे. दाब म्हणजे मशीनचं वजन आणि वर हाताचा थोडासा भार. शेवटचा फेरा मशीनच्या वजनावरच. मशीन पत्र्यावर टेकूनच चालू करायचं आणि टेकलेलं असतानाच बंद करायचं, नाहीतर थेंब भिंतीवर, काचेवर आणि चेहऱ्यावर.

हे सगळं एकदम अख्ख्या गाडीवर सुरू करू नये. बॉनेटवर टेपने एक चौकोन आखून तिथे चाचणी घ्यावी, सौम्यापासून सुरुवात करत. आधी फिनिशिंग फोम आणि पॉलिश. पुसून एलईडीचा टॉर्च तिरका धरून पाहावं. चरे तसेच असतील तर मधला फोम आणि कंपाउंड. तरीही असतील तर कापणारं पॅड आणि कंपाउंड. चालून जाणारी सगळ्यांत सौम्य जोडी पूर्ण गाडीला लावायची. एकाच कंपनीच्या दोन गाड्यांचे क्लिअरकोट कडकपणात वेगळे निघू शकतात, त्यामुळे दुसऱ्याची 'रेसिपी' डोळे मिटून घेण्यात अर्थ नाही. मऊ रंगावर कापणारं पॅड गेलं तर स्वर्ल जातात आणि त्यांच्या जागी धुक्यासारखी छटा येते. ती पॉलिश आणि मऊ पॅडने निघते, घाबरायचं कारण नाही.

टॉर्चचा उल्लेख सहज केलेला नाही. ट्यूबलाइटचा पसरलेला उजेड चरे लपवतो. एकाच बिंदूतून येणारा उजेड, म्हणजे टॉर्च किंवा सूर्य, तेवढा खरं बोलतो.

कंपाउंडने फसवलं असं वाटतं तेव्हा बहुतेक वेळा पॅड फसवत असतं. घासलेला क्लिअरकोट आणि वापरलेलं कंपाउंड पॅडमध्ये साठत जातं, पॅड गच्च होतं, कापणं थांबतं आणि उष्णता वाढते. प्रत्येक चौकोनानंतर पॅडवर नायलॉनचा ब्रश फिरवावा आणि दोन-तीन पॅनेलनंतर पॅड बदलावं. मध्यम गाडीला एका टप्प्यासाठी चार ते सहा पॅड लागतात. एका पॅडवर गाडी उरकणाऱ्याचं पुढचं बॉनेट सुंदर आणि मागची डिकी जशी होती तशी असते. पॅडच्या मध्यभागी हात ठेवून पाहावा; चटका बसण्याइतकं तापलं असेल तर वेल्क्रोचा गोंद सुटायच्या बेतात आहे. बंपरवर जास्त जपावं. प्लॅस्टिक पत्र्यासारखी उष्णता वाहून नेत नाही, त्यामुळे वरचा रंग लवकर तापतो. शिवाय थर मोजायचं नेहमीचं यंत्र प्लॅस्टिकवर आकडाच दाखवत नाही, तेव्हा बंपरवर डोळे आणि हात यांच्यावरच भरवसा.

पुसायला ३५० जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅममधलं वजन) आसपासचं, शिवलेली कड नसलेलं मायक्रोफायबर फडकं. नवं असलं तरी एकदा धुऊनच वापरायचं आणि धुताना कपडे मऊ करणारं द्रावण टाकायचं नाही. त्याने तंतूंवर थर चढतो आणि फडकं पुसायच्या ऐवजी फासायला लागतं.

अल्टिमेट पॉलिश. बाटलीवरच त्याला वॅक्सपूर्व ग्लेझ म्हटलंय आणि तोच शब्द सगळं सांगतो. यात कापणं नावापुरतं, तेलं भरपूर. मऊ फोमवर, ३-४ च्या वेगाला, मशीनच्या वजनावर तीन-चार फेरे दिले की कंपाउंडची धूसर छटा निघते आणि गडद रंगाला खोली येते, ओला पत्रा दिसतो तशी. हाताने लावायलाही तिघांत सगळ्यांत सुखाचं हेच.

यात एक गोची आहे. तेलं उरलेल्या बारीक चऱ्यांमध्ये बसतात आणि चरे गेल्याचा भास होतो. दोन-चार धुण्यांत तेल निघून जातं आणि चरे हजर. म्हणून कंपाउंडचा निकाल तपासायचा असेल तर तो पॉलिश लावायच्या आधी, आयसोप्रोपिल अल्कोहोल १० ते १५ टक्के आणि बाकी डिस्टिल्ड पाणी असं मिश्रण फवारून, पुसून तपासावा. याहून तीव्र मिश्रण ताज्या घासलेल्या क्लिअरकोटला थोडं मऊ करू शकतं आणि पुसतानाच नवे ओरखडे पडतात. गाडी विकायला काढताना कोणी फक्त पॉलिशने चकचकीत करून ठेवली असेल तर तीही याच फवाऱ्याने ओळखता येते, हे जाता जाता.

पॉलिश घेऊ नये असं म्हणणं नाही. काळ्या गाडीवर कंपाउंड आणि वॅक्स यांच्यात ते वगळलं तर टॉर्चखाली नक्की कळतं. पण चंदेरी, पांढऱ्या, फिक्या राखाडी गाडीवर कंपाउंडच मऊ पॅडवर एकदा फिरवलं की काम होतं. पुढे वॅक्सऐवजी सिरॅमिक कोटिंग लावायचं असेल तर हे पॉलिश शेवटचा टप्पा म्हणून गैरसोयीचंच, कारण कोटिंगला तेलविरहित पृष्ठभाग लागतो आणि ही तेलं काढता काढता नाकी नऊ येतात.

कॉलिनाइट ८४५ हा तिघांतला खरा कष्टाळू गडी. नावातला 'इन्सुलेटर' वीजवाहिन्यांच्या इन्सुलेटरवरून आला आहे, मूळ उपयोग तिथला. कार्नोबा आणि कृत्रिम घटकांचं हे द्रवरूप मिश्रण आहे. कार्नोबा म्हणजे ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण, ८२ ते ८६ अंश सेल्सियसला वितळणारं आणि शुद्ध स्वरूपात इतकं कडक की ते गाडीवर फासताच येणार नाही. तेव्हा कुठल्याही डबीवर '१०० टक्के कार्नोबा' दिसलं तर त्याचा अर्थ डबी शुद्ध मेणाने भरलेली आहे असा घेऊ नये. द्रावक आणि तेलं असतातच.

बाटली थंड खोलीत ठेवली तर ८४५ घट्ट होऊन तळाशी बसतं. खराब झालेलं नसतं. बाटली दहा मिनिटं कोमट पाण्यात उभी ठेवून चांगली हलवावी, पुन्हा पातळ होतं. हलवायचं तर प्रत्येक वेळीच आहे, नाहीतर आधी नुसतं द्रावक आणि शेवटी नुसता गाळ हाती येतो. द्रावकाचा वास तीव्र आहे, बंद गॅरेजमध्ये दार उघडं ठेवावं.

लावायचं किती, यावर या वॅक्सची सगळी कीर्ती-अपकीर्ती अवलंबून आहे. पाव बॉनेटला एक वाटाणा. अख्ख्या गाडीला २५ ते ३० मिली म्हणजे डोक्यावरून पाणी. किंचित ओलसर केलेल्या फोम ॲप्लिकेटरवर घेऊन इतकं पातळ पसरवायचं की रंगावर जेमतेम धुरकट छटा यावी. पांढरा लेप दिसला तर जास्त झालं. पाच-दहा मिनिटांनी एक बोट पुसून पाहावं: बोटाखाली स्वच्छ चमक आली तर पुसायची वेळ झाली, बोटाची रेघ ओशट फासली गेली तर अजून थांबावं. एका वेळी एक किंवा दोन पॅनेल. अख्खी गाडी माखून मग पुसायला घेतली तर पहिल्या पॅनेलवरचं ८४५ हट्टाला पेटतं. तसं झालंच तर जोर लावू नये. त्यावरच ताज्या वॅक्सचा पातळ हात द्यावा, द्रावक जुन्याला सोडवतं, आणि लगेच पुसून घ्यावं. दमट दिवशी पुसल्यावर तासाभराने पत्र्यावर पुन्हा ओशट डाग दिसतात, तेव्हा स्वच्छ फडक्याने एकदा हलकं फिरवलं की जातात.

दुसरा हात देण्यात अर्थ आहे, पण जाडीसाठी नाही. पहिल्या वेळी सुटलेल्या जागा भरण्यासाठी. बारा तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी द्यावा. तिसरा-चौथा हात म्हणजे बाटली संपवण्याची घाई. नव्या हातातलं द्रावक खालचा थर विरघळवतं, तेव्हा थरावर थर चढत जाईल ही समजूत निराधार आहे.

टिकतं किती? उघड्यावर उभ्या राहणाऱ्या, सौम्य शांपूने धुतल्या जाणाऱ्या गाडीवर तीन ते पाच महिने पाणी गोळा होऊन ओघळत राहतं. द्रवरूप वॅक्समध्ये हे उत्तमात मोडतं. निव्वळ कार्नोबाची पेस्ट काही आठवड्यांत मावळते, मात्र तिची ऊब काळ्या-लाल रंगावर ८४५ पेक्षा जास्त खुलते, हेही कबूल करायला हवं. ८४५ ची चमक काचेसारखी, जरा कोरडी. चाकांच्या रिमवर ते विशेष कामाचं, ब्रेकची काळी भुकटी पाण्याच्या फवाऱ्याने सुटते. तीव्र अल्कधर्मी फोमने गाडी धुतली तर मात्र महिनाभरात वॅक्सचं नाव उरणार नाही.

वॅक्सकडून अवास्तव अपेक्षा दोन बाबतींत ठेवल्या जातात. पक्ष्यांची विष्ठा ते अडवत नाही. आम्लाला रंगापर्यंत पोचायला वेळ लागतो, तो वेळ विकत मिळतो, इतकंच. कडक उन्हात तापलेल्या छतावर तो काही तासांचा असतो. आणि पाण्याचे टपोरे थेंब हे शोभेला छान असले तरी क्षारयुक्त पाण्याने धुतलेली गाडी उन्हात तशीच सोडली तर प्रत्येक थेंब क्षार एका ठिपक्यात गोळा करून सुकतो. वॅक्स लावलेल्या गाडीवर पांढरे ठिपके जास्त उठून दिसतात ते म्हणूनच. धुतल्यावर पुसून कोरडी करणं वॅक्सनंतर जास्त गरजेचं होतं.

पुढच्या काचेवर वॅक्स लागलं तर वायपर थडथडतात आणि रात्री समोरच्या दिव्यांचा उजेड फाकतो. काळ्या खडबडीत प्लॅस्टिकवर लागलं तर पांढरे चट्टे. ताजे असतील तर ओल्या ब्रशने निघतात, वाळलेले साध्या पेन्सिलच्या खोडरबराने खोडून पाहावेत, आश्चर्य वाटेल इतके निघतात. मॅट रंगावर तिन्हींपैकी एकही बाटली उघडू नये. मॅटवर चकचकीत डाग पडला तर तो काढायचा उपाय म्हणजे पुन्हा रंग. दुरुस्तीत नुकतंच रंगवलेलं पॅनेल असेल तर वॅक्सला ६० ते ९० दिवस थांबावं, ताज्या रंगातलं द्रावक बाहेर पडायला वाट हवी. जुन्या, क्लिअरकोट नसलेल्या गाडीवर घासताना पॅड गाडीच्याच रंगाचं झालं तर दचकू नये, तिथे रंगच वरचा थर आहे. पण क्लिअरकोट असलेल्या गाडीवर पॅडवर रंग दिसला तर मशीन तत्क्षणी बंद, तो थर गेला.

खपाचा हिशोब: मध्यम गाडीचे ६० सेंमी चौरसाचे साधारण २५ ते ३० चौकोन होतात. प्रत्येकाला दोनदा, दर वेळी दोन-अडीच मिली कंपाउंड धरलं तर १०० ते १५० मिली. म्हणजे एका बाटलीत तीन-चार गाड्या. पॉलिश एकदाच फिरतं, ६० ते ८० मिली. वॅक्सच्या बाटलीतून पंधरा-अठरा वेळा तरी भागतं, वर्षातून तीनदा लावलं तर पाच-सहा वर्षं. फक्त झाकण घट्ट हवं. वेळ मात्र मोजून ठेवावा: धुणं ते शेवटचं पुसणं मशीनने आठ ते दहा तास. घाई असेल तर एक दिवस धुणं, क्ले आणि बॉनेट-छत-डिकी एवढंच करावं. ऊन आणि नजर दोन्ही तिथेच पडतात, बाजूची दारं पुढच्या सुट्टीला.

पॅड त्याच दिवशी कोमट साबणाच्या पाण्यात चोळून धुवावीत आणि वेल्क्रोची बाजू वर ठेवून सावलीत वाळवावीत. वाळलेलं कंपाउंड पॅडमध्ये राहिलं तर पुढच्या वेळी तेच खडे होऊन चरे पाडतं. आणि पॅडवर नावं लिहून ठेवावीत, कंपाउंडचं कोणतं आणि पॉलिशचं कोणतं. धुतल्यावर सगळी सारखीच दिसतात.